छापील कापडाचा एचएसएन कोड: 'प्रिंटेड' हा शब्द सगळ्यात शेवटी बघा

पॉलिएस्टर, नायलॉन किंवा व्हिस्कोसच्या छापील कापडाची पहिली बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा अर्ज) भरायला बसलेला नवखा माणूस हमखास एक गोष्ट करतो. टॅरिफची, म्हणजे मालाचे वर्गीकरण-क्रमांक (एचएसएन कोड) आणि शुल्क यांच्या यादीची, फाइल उघडतो, 'प्रिंटेड' हा शब्द शोधतो आणि त्यातल्या त्यात जवळची वाटेल ती ओळ उचलतो. मानवनिर्मित तंतूंच्या मागावरच्या कापडासाठी कोडच्या पहिल्या सहा अंकांच्या पातळीवर 'प्रिंटेड'च्या अठरा ओळी आहेत, त्यामुळे अंदाज चुकायला भरपूर जागा आहे. त्याहून मोठी अडचण अशी, की काही छापील कापडे ज्या ओळीत बसतात तिथे 'प्रिंटेड' हा शब्दच नाही. छापून आलेले कापड म्हणून तुम्ही 'प्रिंटेड'च शोधत राहिलात, तर त्या ओळीपर्यंत कधी पोचणारच नाही.

टॅरिफ कापडाकडे एका ठरलेल्या क्रमाने बघते. कापड कसे बनले, कोणत्या तंतूचे, तंतू लांब की तुकड्यांचा, कशाचे वजन किती टक्के, चौरस मीटरला किती ग्रॅम, वीण कोणती, आणि मग रंग किंवा छपाई. हा क्रम मोडला नाही तर कोड जवळजवळ आपोआप हाती येतो. पुढे जे सांगतो आहे ते भारतीय टॅरिफला धरून आहे, पण पहिले सहा अंक जागतिक हार्मोनाइज्ड सिस्टीमचे आहेत. त्यामुळे इचलकरंजीहून दुबईला माल पाठवणाऱ्यालाही इथपर्यंतचा हिशोब तोच.

आधी कापड टेबलावर घ्या

फक्त इन्व्हॉइस बघून कोड ठरवू नका. 'फॅन्सी प्रिंटेड फॅब्रिक' एवढ्यावर कोणालाच काही ठरवता येत नाही. पुरवठादाराकडून हातभर तुकडा मागवा. एक सुई, एक पिक ग्लास (धागे बघायचे छोटे भिंग), लायटर, ग्रॅमचा शतांश दाखवणारा काटा आणि जमल्यास जीएसएम कटर (ठराविक मापाचा गोल तुकडा कापणारे हत्यार; जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम), एवढ्या सामानावर निम्म्याहून जास्त काम ऑफिसातच होते. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर वाढलेल्या मंडळींना यातले बरेचसे हाताला लागताच कळते. त्यांनी ते ज्ञान कस्टम्सच्या भाषेत मांडायला शिकले पाहिजे, आणि ते फार अवघड नाही.

पहिली पायरी: कापड मागावरचे आहे ना?

कापलेल्या कडेपासून सुईने धागे सोडवा. मागावरच्या कापडात एका दिशेने ताण्याचे आणि त्याच्याशी काटकोनात बाण्याचे सरळ धागे सुटे होतात. फास्यांची साखळी दिसली, तर ते निटेड आहे आणि थेट चॅप्टर ६० मध्ये जाते (चॅप्टर म्हणजे कोडचे पहिले दोन अंक). धागाच निघाला नाही, नुसते तंतू चिकटवलेले असले, तर ते नॉनवोवन, हेडिंग (पहिले चार अंक) ५६०३.

ही तपासणी फालतू वाटते, पण पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महाग चूक इथेच होते. मार्च २०२४ मध्ये काही सिंथेटिक निटेड कापडांवर किलोमागे ३.५ डॉलरची किमान आयात किंमत लावली गेली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ ओळींवर '२० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांतले जे जास्त' असे शुल्क आले. तेव्हापासून 'वोवन' म्हणून आलेल्या मालाकडे संशयाने बघितले जाते. पातळ वार्प-निट (ताण्याच्या धाग्यांचे फास गुंफून केलेले निटेड) कापड वरवर मागावरच्यासारखेच दिसते, म्हणून पिक ग्लासखाली दोन्ही बाजू बघा.

मागावरचे आहे हे कळले, तरी चॅप्टर ५४ किंवा ५५ मध्ये लगेच शिरू नका. मखमलीसारखे उभे केस असतील तर ५८०१. रुंदी ३० सेंटिमीटर किंवा कमी असेल आणि दोन्ही बाजूंना किनार असेल तर ५८०६. छापलेल्या कापडावर भरतकाम केले असेल तर ५८१०. प्लॅस्टिकचा थर नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर ५९०३, मात्र थरामुळे फक्त रंगात फरक पडला असेल तर तो धरत नाहीत. कडा शिवून, दुमडून दुपट्टा किंवा स्कार्फ तयार झाला असेल तर तो कापड राहिलाच नाही. नुसता चौकोनी कापलेला तुकडा मात्र कापडच असतो.

दुसरी पायरी: तंतू कोणता

मानवनिर्मित तंतूंचे टॅरिफमध्ये दोन गट आहेत. पॉलिएस्टर, नायलॉन, अॅक्रिलिक हे सिंथेटिक, म्हणजे रसायनांपासून पॉलिमर तयार करून काढलेले. व्हिस्कोस, मोडाल, लायोसेल, अॅसिटेट हे आर्टिफिशियल, म्हणजे लाकडाच्या लगद्यासारख्या नैसर्गिक सेल्युलोजवर प्रक्रिया करून काढलेले. बाजारात कुर्तीसाठी 'रेयॉन' म्हणून जे कापड विकतात ते बहुधा व्हिस्कोस स्टेपलचे (तुकड्यांच्या तंतूचे), म्हणजे आर्टिफिशियल. 'आर्ट सिल्क' म्हटले की मात्र त्यात पॉलिएस्टर, व्हिस्कोस, काहीही असू शकते, म्हणून त्या नावावर विसंबू नका.

दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळून बघा. पॉलिएस्टर आकसते, वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर कडक गोळी उरते. व्हिस्कोस कागदासारखे जळते आणि राख बोटांत भुरभुरते. ताण्याचा आणि बाण्याचा धागा वेगवेगळा जाळा. ताणा एका तंतूचा आणि बाणा दुसऱ्याचा हे सर्रास असते. ही तपासणी तुमच्या समजुतीपुरती. टक्केवारी प्रयोगशाळाच देते. उदाहरणार्थ, पॉलिएस्टर-कॉटनच्या मिश्रणात ठराविक तीव्रतेच्या गंधकाम्लात कापूस विरघळवून उरलेले पॉलिएस्टर तोलतात.

तिसरी पायरी: फिलामेंट की स्टेपल

चॅप्टर ५४ फिलामेंटचा (अखंड लांब तंतू), ५५ स्टेपलचा (तुकड्यांचा तंतू). एक धागा काढा, पीळ उलटा फिरवून उकला आणि हळू ओढा. फिलामेंट असेल तर तुकड्याच्या पूर्ण लांबीएवढे बारीक, अखंड तंतू सुटतात आणि ओढल्यावर तसेच राहतात. स्टेपल असेल तर पीळ सुटताच धागा सरकून तुटतो आणि हातात दोन-चार सेंटिमीटरचे तंतू येतात. पिक ग्लासखाली स्टेपलच्या धाग्यावर लव दिसते, फिलामेंटचा धागा गुळगुळीत असतो. स्पन (स्टेपलपासून कातलेले) पॉलिएस्टर आणि फिलामेंट पॉलिएस्टर दोन्हींच्या इन्व्हॉइसवर '१०० टक्के पॉलिएस्टर' असेच लिहिलेले असते. तेवढ्या शब्दांवर चॅप्टर ठरत नाही.

चौथी पायरी: मिश्रण असेल तर वजनाने ठरते

टॅरिफच्या अकराव्या विभागाची टीप इथे कामाला येते. वजनाने जो तंतू इतर कोणत्याही एका तंतूपेक्षा जास्त, त्या तंतूचे कापड. दोन तंतू बरोबरीचे असतील तर लागू होणाऱ्या हेडिंगांपैकी क्रमांकाने शेवटचे. म्हणून ५० टक्के पॉलिएस्टर स्टेपल आणि ५० टक्के कापूस हे कापड ५२ मध्ये जात नाही, ५५ मध्ये जाते.

याच टिपेतला एक नियम नवख्यांच्या नजरेतून निसटतो. चॅप्टर ५४ आणि ५५ यांच्या जोडीला दुसरा कोणताही चॅप्टर आला, तर आधी ५४ आणि ५५ एकच धरायचे. समजा कापडात ४० टक्के कापूस, ३५ टक्के पॉलिएस्टर फिलामेंट आणि २५ टक्के व्हिस्कोस स्टेपल आहे. एकेक तंतू बघितला तर कापूस सर्वांत जास्त. पण ५४ आणि ५५ मिळून ६० होतात, म्हणून कापूस बाजूला पडतो. आता ३५ विरुद्ध २५, म्हणून हेडिंग ५४०७. सिंथेटिक फिलामेंट ८५ टक्क्यांहून कमी आणि मिश्रण मुख्यतः कापसाशी, म्हणून छापील असेल तर ५४०७ ८४. हे उदाहरण कागदावर एकदा स्वतः सोडवून बघा.

दोन-चार टक्के स्पॅन्डेक्सलाही (ताणल्यावर लांबणारा तंतू) वजन असते आणि तो सिंथेटिक फिलामेंटच आहे. '९६ पॉलिएस्टर, ४ स्पॅन्डेक्स' असेल तर बेरजेत दोन्ही दाखवा, ४ टक्के विसरू नका.

पाचवी पायरी: ८५, १७० आणि टेक्स्चर

हेडिंगाच्या आतले दरवाजे तीन गोष्टींनी उघडतात.

पहिली, ८५ टक्के. त्या तंतूचे वजन ८५ टक्के किंवा जास्त की कमी, यावर पुढचा फाटा ठरतो. फिलामेंटच्या कापडात हा फाटा हेडिंगाच्या आत आहे, सिंथेटिक स्टेपलमध्ये तर हेडिंगच बदलते. पॉलिएस्टर स्टेपल ९० टक्के असेल तर ५५१२, ६५ टक्के असून बाकी कापूस असेल तर ५५१३ किंवा ५५१४, आणि बाकी व्हिस्कोस असेल तर ५५१५.

दुसरी, वजन. ५५१३ आणि ५५१४ मधली सीमा चौरस मीटरला १७० ग्रॅम. तेवढे किंवा कमी असेल तर ५५१३, जास्त असेल तर ५५१४. कापूस जास्त असलेल्या मिश्रणात, ५२१० आणि ५२११ मध्ये, हीच सीमा २०० ग्रॅमवर आहे. दोन्ही प्रकारचा माल हाताळणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. मोजताना शंभर चौरस सेंटिमीटरचे गोल तुकडे किनारीपासून दूर, तीन-चार जागी कापा, सरासरी वजन काढा आणि शंभराने गुणा. गिरणीने दिलेला ग्रे (कोऱ्या, न छापलेल्या) कापडाचा जीएसएम वापरू नका. छपाई आणि फिनिशिंगनंतर वजन बदलते आणि आयात होते ते छापील कापड. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत कापूस आणि व्हिस्कोस चांगलाच ओलावा धरतात, पॉलिएस्टर जवळजवळ धरत नाही. तुमचा आकडा १६८ किंवा १७२ असा काठावर आला तर ऑफिसातल्या काट्यावर भरवसा ठेवू नका, नियंत्रित हवामानाच्या प्रयोगशाळेतच मोजून घ्या. ५५१३ आणि ५५१४ मध्ये वीणही विचारली जाते. प्रत्येक बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून आणि पुढच्याच्या खालून जात असेल, तर ती प्लेन वीण.

तिसरी गोष्ट टेक्स्चर, आणि सुरतेहून किंवा चीनमधून आलेल्या पॉलिएस्टरमध्ये सगळ्यात जास्त घोळ हिच्यापायी होतो. धागा ओढून सोडा. टेक्स्चराइज्ड धागा कुरळा होऊन आखडतो, ओढला की लांबतो, सोडला की परत गोळा होतो. साधा, फ्लॅट फिलामेंट केसासारखा सरळ पडून राहतो. ८५ टक्के किंवा जास्त टेक्स्चराइज्ड पॉलिएस्टर असेल आणि कापड छापील असेल, तर ५४०७ ५४. ८५ टक्के किंवा जास्त फ्लॅट पॉलिएस्टर असेल, तर ५४०७ ६१, आणि इथे सहा अंकांवर छपाईला वेगळी ओळ नाही. आता ताणा फ्लॅट आणि बाणा टेक्स्चराइज्ड असेल, दोन्ही निम्मे-निम्मे, तर? पॉलिएस्टर १०० टक्के आहे, पण कोणताही एक प्रकार ८५ पर्यंत पोचत नाही. असे कापड ५४०७ ६९ मध्ये जाते. म्हणून ताण्याचे धागे आणि बाण्याचे धागे वेगळे काढून, वेगळे तोलून ठेवा. नुसत्या नजरेने 'टेक्स्चराइज्ड वाटते' असे लिहू नका.

सहावी पायरी: आता छपाई

कापड विणून झाल्यावर त्यावर नक्षी छापली असेल, तर टॅरिफच्या लेखी ते छापील. आतले धागे आधीच वेगवेगळ्या रंगांचे असले तरी छपाईचाच दर्जा लागतो. म्हणजे धाग्यातल्याच चौकड्याच्या कापडावर वर फुले छापली, तर ते 'यार्न्स ऑफ डिफरंट कलर्स' राहत नाही, छापील होते. रंगवून मग छापलेले कापडही छापीलच. ब्रशने किंवा स्प्रे-गनने काढलेली, ट्रान्सफर पेपरवरून उतरवलेली, फ्लॉकिंगची (बारीक तंतू चिकटवून केलेली) आणि बाटिकची (मेण लावून रंगवलेली) नक्षीही छपाईतच मोजतात. पॉलिएस्टरवरचे सब्लिमेशन प्रिंट म्हणजे ट्रान्सफर पेपरचेच काम. कागदावरचा रंग उष्णतेने वायू होऊन तंतूत शिरतो.

ओळखायचे कसे? नक्षीच्या जागेतून एक धागा बाहेर ओढा आणि पांढऱ्या कागदावर सरळ ठेवा. छापील कापडाच्या धाग्यावर रंगाचे डाग तुकड्या-तुकड्यांनी दिसतात: इथे लाल, पुढे कोरा, मग निळा. पिळाच्या आत, जिथे रंग पोचला नाही, तिथे धागा फिकट असतो. रंगीत सुताच्या कापडातला धागा टोकापासून टोकापर्यंत एकाच रंगाचा निघतो. मग कापडाची मागची बाजू बघा. जाड कापडात मागे नक्षी फिकट दिसते, सब्लिमेशनमध्ये तर मागे बहुतेक पांढरेच. पातळ जॉर्जेट-शिफॉनमध्ये मात्र रंग आरपार जातो, तिथे मागच्या बाजूवरून निर्णय घेऊ नका, धागाच बघा.

इकतच्या कापडात धाग्यांवरच विणण्याआधी बांधून रंग चढवलेला असतो, म्हणून त्याचा धागाही तुकड्या-तुकड्यांचा निघतो. पण ते कापडावर छापलेले नाही. इकतमध्ये नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी आणि कडा पिसासारख्या विस्कटलेल्या दिसतात. इकतची किंवा पैठणीची नक्षी पॉलिएस्टरवर छापून आणलेला मालही बाजारात भरपूर असतो, तो छापीलच.

चकचकीत फॉइल किंवा रबरासारख्या जाड पिगमेंटची नक्षी पाहून लोक घाबरून ५९०३ लिहितात. कापडाच्या काही भागावरच प्लॅस्टिकचा थर असून त्या थरानेच नक्षी तयार झाली असेल, तर चॅप्टर ५९ च्या टिपेप्रमाणे ते ५९०३ मध्ये जात नाही. फ्लॉकचेही तसेच: नक्षीपुरते फ्लॉक असेल तर छापील कापड, पण पूर्ण पृष्ठभाग फ्लॉकने झाकला असेल तर ५९०७. किनारीतले आणि ठाणाच्या टोकाचे वेगळ्या रंगाचे धागे रंग ठरवताना धरत नाहीत.

आता चार कापडे पटकन: व्हिस्कोस स्टेपल १०० टक्के, छापील, कुर्तीसाठी: ५५१६ १४. व्हिस्कोस फिलामेंटचे छापील जॉर्जेट: ५४०८ २४. पॉलिएस्टर स्टेपल ६५, कापूस ३५, प्लेन वीण, ११० जीएसएम, छापील: ५५१३ ४१, आणि हेच १८० जीएसएमला ५५१४ ४१. पॉलिएस्टर स्टेपल ६५, व्हिस्कोस ३५, छापील: ५५१५ ११, 'प्रिंटेड' शब्दाशिवाय.

सातवी पायरी: आठ अंक, शुल्क आणि कागद

शेवटचे दोन अंक भारताचे आहेत. तिथे साडी, जॉर्जेट, शर्टिंग अशी बाजारातली नावे भेटतात. सहा अंक पक्के झाल्याशिवाय त्या नावांकडे बघूच नका. 'साडी' दिसली म्हणून ती ओळ उचलणे ही 'प्रिंटेड' शोधण्याइतकीच वाईट सवय आहे.

या कापडांच्या पुष्कळ ओळींवर मूळ सीमाशुल्क 'इतके टक्के किंवा चौरस मीटरमागे, अगर किलोमागे, इतके रुपये, यांतले जे जास्त' असे असते. म्हणून रुंदी, लांबी, जीएसएम आणि निव्वळ वजन हे चारही आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. लांबीला रुंदीने आणि जीएसएमने गुणल्यावर पॅकिंग लिस्टमधले वजन येत नसेल, तर आधी पुरवठादाराला विचारा. दर मात्र बिल ऑफ एंट्रीच्या दिवशीची अधिसूचना उघडून बघा, कुणाच्या जुन्या एक्सेल शीटवरून घेऊ नका. छापील मालात रंगाचाही प्रश्न येतो. बंदी असलेले घातक रंग, विशेषतः काही अॅझो रंग, नसल्याचे निर्यातदार देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मालाबरोबर मागवा. नसेल तर इथे नमुना तपासून घ्यावा लागतो आणि कंटेनर तेवढे दिवस अडकतो.

२०२० पासून फेसलेस असेसमेंट देशभर लागू आहे. माल न्हावा शेवाला उतरला तरी तुमची बिल ऑफ एंट्री बघणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असू शकतो. त्याच्या हातात कापड नाही, तुमचे वर्णन आहे. म्हणून वर्णनात सगळे लिहा: '१०० टक्के पॉलिएस्टर, टेक्स्चराइज्ड फिलामेंट, मागावर विणलेले, प्लेन वीण, ट्रान्सफर प्रिंट, ९५ जीएसएम, रुंदी १४७ सेंटिमीटर, कोटिंग नाही'. एवढे वाचल्यावर विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

तरी शंका राहिलीच तर मार्ग आहेत. मुंबईत टेक्स्टाइल्स कमिटी आणि घाटकोपरची बीटीआरए, वरळीची सस्मिरा या वस्त्रसंशोधन संस्था इथे माल येण्याआधीच नमुना तपासून घेता येतो. कस्टम्स नमुना घेऊन स्वतःच्या प्रयोगशाळेत पाठवते तेव्हा टेस्ट मेमोवर (नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर) नेमके प्रश्न लिहिले जातील याकडे लक्ष द्या: फिलामेंट की स्टेपल, टेक्स्चराइज्ड किती टक्के, जीएसएम किती, छपाई आहे का. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघम येते आणि पुन्हा नमुना जातो. अहवाल येईपर्यंत प्रोव्हिजनल असेसमेंटवर (तात्पुरत्या शुल्क-आकारणीवर) बाँड देऊन माल सोडवता येतो. तोच माल वर्षानुवर्षे आणणार असाल, तर आयात सुरू करण्याआधीच मुंबई किंवा नवी दिल्लीच्या, आधीच वर्गीकरणाचा निर्णय देणाऱ्या अॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करा. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो निर्णय तुमच्यावर आणि खात्यावर तीन वर्षे बंधनकारक असतो.

कस्टम्स कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वर्गीकरण करण्याची जबाबदारी आयातदाराचीच आहे. कमी भरलेल्या शुल्काची मागणी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, आणि माहिती जाणूनबुजून दडवल्याचा ठपका आला तर पाच वर्षांपर्यंत. प्रत्येक मालातला हातभर तुकडा, त्यावर बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, ताण्या-बाण्याची वजने, जीएसएमची नोंद आणि चाचणीचा अहवाल एका पाकिटात घालून निदान पाच वर्षे जपून ठेवा.